ताप आहे का?

सप्टेंबर २०२०. रोज सकाळी सातच्या सुमारास फोनवर नोटिफिकेशन यायचं. ऑफिसने आम्हाला एक ॲप घ्यायला लावलं होतं आणि त्यात चार प्रश्न असायचे. ताप आहे का? खोकला आहे का? श्वास घ्यायला त्रास होतोय का? वास किंवा चव गेली आहे का? चारही ठिकाणी 'नाही' दाबलं की हिरवा क्यूआर कोड यायचा. तो गेटवर दाखवायचा आणि आत जायचं. एका जरी ठिकाणी 'हो' दाबलं तर स्क्रीन लाल आणि चौदा दिवस घरी.

त्या मंगळवारी मला ताप होता. फार नाही, शंभराच्या आत. रात्रभर अंग दुखत होतं. मी तापाची गोळी घेतली, चहा प्यायले आणि चारही प्रश्नांना 'नाही' दाबलं. मनात फार मोठी खळबळ वगैरे झाली नाही. पावसाळा आहे, होतो थोडा ताप, एवढंच स्वतःला सांगितलं.

खरं कारण वेगळं होतं. क्वारंटाइनचे दिवस रजेतून कापले जायचे. माझ्या खात्यात अकरा रजा शिल्लक होत्या आणि डिसेंबरात कोल्हापूरला भावाचं लग्न होतं.

आमचं काम कर्जाची कागदपत्रं तपासायचं. ती माहिती ऑफिसबाहेर न्यायची परवानगी नव्हती, म्हणून घरून काम नाही. कात्रजहून खराडीला कंपनीची कॅब असायची. आम्ही तिघं मागे, पुढे ड्रायव्हरकाका, मध्ये प्लास्टिकचा पडदा. मंगळवारी गेले, बुधवारीही गेले. गुरुवारी सकाळी पोह्यांसाठी तेलात मोहरी आणि हिंग घातला आणि लक्षात आलं, की वासच येत नाहीये. डबी उघडून नाकाशी धरली. काहीच नाही. त्या दिवशी मी 'हो' दाबलं. टेस्ट पॉझिटिव्ह आली.

माझं सगळं घरीच निभावलं. सतरा दिवसांनी परत कामावर गेले तेव्हा कॅबवर दुसरे ड्रायव्हर होते. कोणीतरी म्हणालं, आधीचे काका आजारी आहेत. मी पुढे काही विचारलं नाही.

०००

२०२३ मध्ये खोली बदलताना सामान हलवायला गाडी हवी होती. फोनमध्ये काकांचा नंबर सापडला, म्हणून लावला. त्यांनी लगेच ओळखलं. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मग ते सहज सांगावं तसं म्हणाले, त्याच वेळी त्यांनाही कोरोना झाला होता. त्यांच्यापासून आईला झाला. ऑक्टोबरमध्ये आई गेली.

"मीच नेला घरात," ते म्हणाले. "ताप होता मला, ताई. आम्हालाही ते मोबाइलवर भरावं लागायचं ना रोज. मी 'नाही'च दाबत होतो. ऑगस्टात मोरॅटोरियम संपलं होतं. गाडी उभी केली असती तर हप्ता कुठून भरला असता?"

मी "हो ना" म्हणाले. आईंबद्दल दोन शब्द बोलले आणि फोन ठेवला.

त्यांचा ताप माझ्या आधीचा की नंतरचा, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तरी काही सिद्ध झालं नसतं. कदाचित मी त्यांना दिला, कदाचित त्यांनी मला, कदाचित आम्हा दोघांना तिसऱ्याच कोणाकडून मिळाला. साथीच्या रोगात गुन्ह्याचा माग असा काढता येत नाही. पण दोन माणसांनी एकाच आठवड्यात, एकाच गाडीत, एकाच प्रश्नाला एकच खोटं उत्तर दिलं होतं. सर्व्हरवर ती दोन्ही उत्तरं अगदी सारखी दिसली असतील. ती खरंच सारखी होती का, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही.

०००

आधी हे सांगायला हवं, की असे प्रश्न विचारणारं ॲप ही मुळात वाईट कल्पना नाही. उलट फार चांगली आहे.

मार्च २०२० मध्ये ब्रिटनमध्ये किंग्ज कॉलेज लंडनचे संशोधक आणि झोई नावाची कंपनी यांनी मिळून एक ॲप काढलं. प्रमुख होते टिम स्पेक्टर नावाचे साथरोगतज्ज्ञ. ॲप लोकांना रोज एवढंच विचारायचं, की आज कसं वाटतंय? बरं असेल तर तसं सांगा, नसेल तर काय होतंय ते सांगा. काम मिनिटभराचं. लाखो लोक ते स्वखुशीने भरू लागले.

त्या वेळी ब्रिटनच्या अधिकृत यादीत कोविडची मुख्य लक्षणं दोनच होती, ताप आणि सतत येणारा नवा खोकला. ॲपमधल्या नोंदी मात्र वेगळंच काही सांगत होत्या. मे महिन्यात 'नेचर मेडिसिन'मध्ये सुमारे २६ लाख लोकांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास छापून आला. टेस्ट पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी साधारण ६५ टक्के लोकांनी वास किंवा चव गेल्याचं सांगितलं होतं. निगेटिव्ह आलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे २२ टक्के होतं. १८ मे रोजी ब्रिटनने हे लक्षण अधिकृत यादीत घेतलं. जूनमध्ये भारतानेही घेतलं. माझ्या ऑफिसच्या ॲपमध्ये चौथा प्रश्न आला, त्यामागे अशा लाखो अनोळखी लोकांची उत्तरं होती. हिंगाच्या डबीपाशी उभी असताना मला 'हे कोविडच आहे' असं कळलं, तेही त्यांच्यामुळेच.

यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळी आहे. त्या ॲपला 'मी आजारी आहे' एवढंच पुरत नव्हतं. 'मी बरा आहे' ही नोंदही तितकीच हवी होती. शंभर माणसांना ताप आला, ही बातमी एकटी काहीच सांगत नाही. शंभर कितीपैकी, हे कळल्याशिवाय तिला अर्थ नाही. म्हणजे ठणठणीत असलेल्या माणसाने रोज सकाळी फोन उघडून 'आज काही नाही' असं सांगणं, हेही कोणातरी अनोळखी माणसासाठी केलेलं काम होतं. कौतुक नाही, फोटो नाही, कोणाचा जीव वाचल्याचं समाधान नाही. रोजचं कंटाळवाणं खरं बोलणं फक्त.

कोणी म्हणेल, लोकांना विचारायचंच कशाला? फोनला सगळं कळतं. तोही प्रयत्न झालाय. गूगलने २००८ मध्ये 'फ्लू ट्रेंड्स' सुरू केलं. लोक काय शोधतात त्यावरून फ्लू कुठे पसरतोय याचा अंदाज बांधायचा, अशी कल्पना. २०१२-१३ च्या हिवाळ्यात त्याचा अमेरिकेचा अंदाज सरकारी आकड्यांच्या जवळपास दुप्पट निघाला आणि २०१५ मध्ये ते बंद झालं. फ्लूची भीती वाटणारा माणूस आणि फ्लू झालेला माणूस एकाच प्रकारचे शब्द शोधतात. शेवटी माणसालाच विचारावं लागतं आणि त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवावा लागतो.

०००

मग माझ्या ॲपमध्ये आणि त्या ॲपमध्ये फरक काय होता? प्रश्न तर जवळपास तेच होते.

फरक उत्तरानंतर काय होतं यात होता. लंडनमधल्या माणसाने त्या ॲपमध्ये 'ताप आहे' लिहिलं तर नकाशावर एक ठिपका वाढायचा. आमच्याकडे 'ताप आहे' लिहिलं की गेट बंद व्हायचं. एक ॲप नकाशा काढत होतं, दुसरं फाटक सांभाळत होतं. गंमत अशी, की नकाशाचं फाटक केलं की नकाशाही हातचा जातो, कारण फाटकाशी लोक खोटं बोलतात. माझ्या ऑफिसच्या डॅशबोर्डवर त्या मंगळवारी सगळं हिरवंगार दिसलं असणार.

देशपातळीवरही ही सरमिसळ झाली होती. २ एप्रिल २०२० ला आरोग्य सेतू आलं. आजूबाजूच्या फोनची ब्लूटूथने नोंद ठेवायची आणि लक्षणं विचारायची, अशी दोन्ही कामं त्यात होती. हॉटस्पॉट ओळखायला त्याचा उपयोग होईल, असं सरकारने सांगितलं होतं. म्हणजे हेतू नकाशाचा. पण १ मे रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आदेशाने ते सरकारी आणि खासगी कर्मचाऱ्यांना सक्तीचं झालं. नोएडात तर ॲप फोनमध्ये नसणं हाच दंडाचा आणि तुरुंगवासाचा विषय झाला. डेटा संरक्षण कायद्याचा पहिला मसुदा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांनी तेव्हा स्पष्ट सांगितलं, की या सक्तीला कोणत्याही कायद्याचा आधार नाही. १७ मेच्या नव्या आदेशात भाषा सौम्य झाली.

त्याच दिवसांतली आणखी एक गोष्ट कमी लोकांना आठवते. २९ मार्चला सरकारने मालकांना लॉकडाऊनच्या काळातला पूर्ण पगार द्यायला सांगितलं होतं. तो आदेश मे महिन्यात मागे घेतला गेला. म्हणजे 'ताप आहे का?' हा प्रश्न फोनमध्ये राहिला आणि 'हो' म्हणणाऱ्याचं पोट कसं चालेल, याचं उत्तर निघून गेलं.

०००

पुण्याला हे नवीन नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तिथून पुण्यात आला. फेब्रुवारी १८९७ मध्ये इंग्रजांनी साथरोग कायदा केला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने लागू केला तो हाच कायदा. पुण्यात वॉल्टर रँडच्या हाताखाली गोरे सोजिर घराघरांत शिरून रोगी शोधू लागले. रोगी सापडला की तो इस्पितळात, घरचे लोक सेग्रिगेशन कॅम्पमध्ये, सामानसुमान बाहेर. लोकांनी काय केलं? आजाऱ्यांना लपवलं, मृत्यू लपवले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हे आपण शाळेत शिकतो. पण त्याआधी कित्येक घरांनी दारात उभं राहून 'आमच्याकडे कोणी आजारी नाही' असं सांगितलं असेल, ते कुठल्या पुस्तकात नाही.

त्याच वर्षी, त्याच शहरात आणखी एक बाई रोगी शोधत होत्या. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरच्या बाजूला प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना काढला होता. मुंढव्याच्या वस्तीतल्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः तिथे नेलं. त्यात त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. आमची कॅब रोज मुंढव्यावरून जायची.

रँडच्या शिपायालाही हेच जाणून घ्यायचं होतं, की तुमच्या घरात कोणाला ताप आहे का. सावित्रीबाईंनाही हेच जाणून घ्यायचं होतं. एकाला लोक खोटं सांगत होते आणि दुसरीच्या हाती आपलं पोर देत होते. लोकांचा खरेपणा एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत बदलला नव्हता. विचारणारा बदलला होता.

महाभारतात कर्णपर्वात कौशिकाची गोष्ट आहे. कृष्ण ती अर्जुनाला सांगतो. कौशिकाचं व्रत होतं, नेहमी खरंच बोलायचं. दरोडेखोरांना घाबरून पळालेली माणसं त्याच्या जवळच्या झाडीत लपली. मागून दरोडेखोर आले आणि त्यांनी विचारलं, कुठे गेली ती माणसं? कौशिकाने खरं सांगितलं. माणसं मारली गेली आणि खरं बोलणारा कौशिक नरकात गेला. जर्मन तत्त्वज्ञ कांटचं मत बरोबर उलटं होतं. दारात उभ्या मारेकऱ्याशीही खोटं बोलू नये, असं त्याने १७९७ मध्ये लिहिलं. मला महाभारत जास्त पटतं. खरं कोणाला सांगतोय आणि तो त्याचं काय करणार आहे, हे न बघता पाळलेलं सत्य हे पुण्य नव्हे.

इथवर आल्यावर मला हायसं वाटलं होतं. ऑफिसचं ॲप फाटक होतं. फाटकाशी बोललेलं खोटं क्षम्य आहे. सुटले.

०००

पण कौशिकाची गोष्ट मला सोडवत नाही. कौशिकाच्या खऱ्याने झाडीतली माणसं मेली. माझ्या खोट्याने ती उघड्यावर आली असती. ॲप विचारत होतं ऑफिससाठी, पण माझ्या उत्तरावर विसंबून होते मागच्या सीटवरचे दोघं आणि पडद्यापलीकडचे काका. मी व्यवस्थेला फसवलं असं मला वाटत होतं. व्यवस्थेला काहीच झालं नाही.

मागच्या वर्षी मी काकांना पुन्हा फोन केला. कारण काही नव्हतं. सांगून टाकलं, की त्या आठवड्यात मलाही ताप होता आणि मीही दोन दिवस 'नाही' दाबून तुमच्या गाडीत बसले होते.

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुम्हाला तर रजा मिळत होती ना, ताई?"

रागाने नाही. खरंच विचारत होते. मी म्हटलं, हो, मिळत होती. मग ते म्हणाले, "जाऊ द्या आता. झालं ते झालं." आणि मुलीच्या बारावीच्या निकालाबद्दल बोलू लागले.

माझ्या सगळ्या वाचनापेक्षा तो प्रश्न पुढे होता. दोन 'नाही' सारखे होते का, याचं उत्तर त्यात आहे. त्यांना खरं बोलायची किंमत होती महिन्याचा हप्ता, कदाचित गाडीच. मला होती अकरा रजा आणि एका लग्नाची हौस. तेही चुकले आणि त्याची शिक्षा ते स्वतःला रोज देतात. पण खरं बोलणं त्यांना जवळजवळ परवडण्यासारखं नव्हतं. मला परवडत होतं आणि मी घासाघीस केली.

आपण खरेपणाला स्वभाव समजतो. अमका खरं बोलणारा, तमका खोटारडा. पण आजारपणाबद्दल खरं बोलणं ही पुष्कळदा ऐपतीची गोष्ट असते. लंडनच्या त्या ॲपमध्येही गरीब वस्त्यांतून नोंदी कमीच आल्या होत्या, हे संशोधकांनीच मान्य केलं आहे. ज्याच्याकडे फोन, वेळ आणि निर्धास्तपणा होता तो जास्त बोलला. तेव्हा नकाशावर जिथे ठिपके नाहीत, तिथे रोग नाही असं समजायचं कारण नाही. तिथे कदाचित खरं सांगायची सोय नसेल.

यातून मला दोन गोष्टी दिसतात. विचारणाऱ्याने आधी 'हो' म्हणणाऱ्याची सोय करावी, मग विचारावं. पगार कापणार नाही, नाव पुढे जाणार नाही, दारावर स्टिकर लागणार नाही, हे नुसतं आश्वासन म्हणून नव्हे, तर आधी करून दाखवायला हवं. आणि ज्याला खरं बोलणं स्वस्त पडतं, त्याच्यावर ते बोलायची जबाबदारी जास्त आहे. व्यवस्था वाईट आहे हे कारण काकांना पुढे करता येईल. मला ते उसनं घेता येणार नाही.

०००

पुढची साथ येईल तेव्हा फोनमध्ये पुन्हा एखादं ॲप येईल. खरं तर काम चालूच आहे. एप्रिल २०२१ पासून देशाची रोगनोंद नव्या डिजिटल व्यवस्थेवर आली आहे. गावातल्या उपकेंद्रातली आरोग्यसेविका आता ताप, पुरळ, जुलाब यांच्या नोंदी कागदाऐवजी मोबाइलवर भरू शकते. ती एखाद्या दारात उभी राहून विचारते तेव्हा तिला खरं सांगितलं जातं ते तिच्यावरच्या विश्वासामुळे, हातातल्या फोनमुळे नाही. तो विश्वास गेला तर ॲप कितीही चांगलं असलं तरी त्यात 'नाही'च भरलं जाईल.

मी स्वतःपुरतं एक बघितलं. माझ्या घरी कामाला येणाऱ्या मावशी तीन वर्षांत कधी आजारी पडल्या नव्हत्या. मला ते त्यांच्या काटक प्रकृतीचं लक्षण वाटायचं. काकांच्या त्या फोननंतर लक्षात आलं, की खाड्याचे पैसे कापणार की नाही हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. त्यांनीही विचारलं नव्हतं. मग एक दिवस सांगितलं, की आजारी असाल तर येऊ नका, पैसे कापणार नाही. त्या "बरं" म्हणाल्या. दोन महिने काही झालं नाही. मला वाटलं, विश्वास बसला नसावा.

जुलैमध्ये एका सकाळी सातला फोन वाजला. मावशींचा व्हॉइस मेसेज होता. आवाज बसलेला.

"ताई, ताप हाय मला. आज येत न्हाई."